आम्हीसुद्धा परीक्षा पुढे जाईल का, हेच विचारत होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात एका ज्येष्ठ वाचकाने लिहिलं आहे की, १९७१ च्या युद्धात शाळकरी मुलंसुद्धा देशाच्या काळजीने झोपत नव्हती आणि आजच्या मुलांना मात्र भोंगा वाजला तरी मोबाइलमधून मान वर काढवत नाही. मी मार्च १९७२ ची एस.एस.सी. तेव्हा ती अकरावीला असायची. म्हणजे पत्रलेखक ज्या मुलांबद्दल लिहितात, त्यांच्यातलीच मी एक. आम्ही छान झोपत होतो.

३ डिसेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि मुंबईत ब्लॅकआउट सुरू झाला. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. वडील गिरणीत, साचे खात्यात. त्यांनी बल्बला कार्बन पेपर गुंडाळला. तो तापला की खोलीभर एक उग्र वास सुटायचा. आजही झेरॉक्सच्या दुकानात कधी तसा वास आला की मला अकरावीचं भूमितीचं पुस्तक दिसतं. खिडकीच्या काचांवर आईने तांदळाच्या पिठाची खळ करून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. कुठे फट राहिली तर खालून वॉर्डन ओरडायचा, “तिसरा मजला, लाइट बंद!” मग अख्खी चाळ तिसऱ्या मजल्याच्या नावाने ओरडायची. त्यात आम्हा मुलांचा आवाज सगळ्यात मोठा.

भोंग्याची तर मजाच होती. हल्ल्याचा इशारा खालीवर होणारा आणि धोका टळल्याचा एकसुरी. पण गिरणगावात एकसुरी भोंगा म्हणजे गिरणीचा! त्यामुळे धोका टळला की आजी न चुकता म्हणायची, “सुटली वाटतं पाळी.”

डिसेंबरातली आमची चाचणी रद्द झाली तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. बोर्डाची परीक्षाही पुढे जाईल का, असं मुख्याध्यापकांना विचारायला दोघांना पाठवलं होतं. ते दोघे अंगठे धरून उभे राहून परत आले. २०२५ च्या ९ मे रोजी भारत-पाकिस्तान संघर्षामुळे आयपीएल थांबली, सीएच्या परीक्षा पुढे गेल्या, तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघणारी माझी नात विचारत होती, “आजी, आमचा रिझल्टपण पुढे जाईल का गं?” तिला काय म्हणून रागावू?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाचा थोरला भाऊ नौदलात होता. दिवाळीला येऊन गेला तेव्हा बदली होणार एवढं म्हणाला. कुठल्या जहाजावर, ते घरी कुणाला माहीत नव्हतं. पत्राचा पत्ता एकच, ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. लालबागच्या पेटीत टाकलेलं पाकीट मुंबईतच जायचं आणि आपला मुलगा कुठल्या समुद्रात आहे ते आईला कळायचं नाही. त्या दिवसांत पाकिटावर नेहमीच्या तिकिटाखेरीज निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. (पुढे सारी नोकरी टपाल खात्यात झाली, म्हणून असल्या गोष्टी डोक्यात राहतात.)

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने आपल्या नौदलाची युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. बातमी आल्यावर तो मुलगा शाळेत येईना. मधल्या सुट्टीत आमच्यातल्या कुणीतरी फळ्यावर खडूने जहाज काढलं, खाली पाणबुडी, मध्ये टिंबांच्या रेघेने पाणतीर. चित्र बरं जमलं होतं, म्हणून कुणी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. दारातून फळ्याकडे बघितलं, डस्टर घेतलं, पुसलं आणि जागेवर जाऊन बसला. आमच्यातलं कुणीही त्याच्याशी काही बोललं नाही.

भावाचं पत्र नाताळच्या सुमारास आलं. तो ‘खुकरी’वर नव्हता. जानेवारीत रजेवर आल्यावर शाळेत येऊन गेला. आम्ही युद्धाच्या गोष्टी ऐकायला कोंडाळं करून बसलो, तर त्याने विचारलं, “तुमची प्रिलिम कधी आहे?”

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा चाळीत पेढे वाटले. तरी वडिलांनी खिडकीचे कागद काढू दिले नाहीत, “परत लागले तर?” त्यामुळे माझा बोर्डाचा सगळा अभ्यास त्या खिडकीशी झाला. त्यावरची लुगड्यांच्या सेलची जाहिरात मला अजून पाठ आहे, इतिहासाच्या सनावळ्या नाहीत.

आमच्या वर्गाचा आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सगळे सत्तरीच्या आसपास. ७ मे रोजी ठिकठिकाणी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, सीमेवर तोफा धडधडत होत्या आणि ग्रुपवर सगळ्यांना ‘आपलं ७१’ आठवलं. दुसऱ्या दिवशी मी एक व्हिडिओ पुढे पाठवला. रात्रीच्या आकाशात क्षेपणास्त्रं, खाली पेटलेलं जहाज. सोबत मीच दोन झेंडे जोडले. दहा मिनिटांत अकरा अंगठे आले. नातीने शेजारून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आजी, हा गेम आहे. खोटा आहे हा.”

मी काही करायच्या आत ग्रुपवर त्या शेवटून दुसऱ्या बाकावरच्याचा निरोप आला. एरवी तो सुप्रभातसुद्धा पाठवत नाही. चारच शब्द होते : “एवढं पुसून टाक गं.”

पुसलं. १३ मे रोजी नातीचा निकाल लागला, पास झाली. पेढे घेऊन त्याच्याकडे जायचं आहे. अजून गेलेली नाही.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)