लंडन आधी, पॅरिस नंतर

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, तुमच्या तक्त्याचा फोटो मिळाला. पट्टी लावून आखलेल्या रेघा, पॅरिस चार रात्री, लंडन तीन, अॅमस्टरडॅम तीन, स्वित्झर्लंड चार, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: 'व्हिसाचं तू बघ.' तक्ता देखणा आहे, पण तो आहे तसा पाळलात तर आठव्या दिवशी तुम्ही दोघं लंडनमध्ये अडकाल. हे फोनवर सांगणार होते, पण फोनवर आपलं बोलणं पाच मिनिटांत आईच्या गुडघ्यांवर येतं. म्हणून लिहून पाठवते आहे.

अडचण अशी आहे. पॅरिस, अॅमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंडला एकच शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, चालतो. लंडनला तो चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, अर्ज वेगळा, फी वेगळी. इथपर्यंत तुम्हाला ठाऊक होतंच. पण शेंगेन व्हिसावर 'प्रवेश किती वेळा' असा एक रकाना असतो आणि त्यात '०१' असेल तर तो व्हिसा एकदाच आत घेतो. तुम्ही पॅरिसमध्ये उतरलात, चार रात्री राहिलात आणि लंडनला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात. तो व्हिसा तिथेच संपला. त्याच्यावरची शेवटची तारीख दोन आठवडे पुढची असली तरी उपयोग नाही. दोन प्रवेशांचा किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागता येतो, आणि तुमच्यासारखा कार्यक्रम दाखवला तर तो मिळूही शकतो, पण द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात आहे. मला विचाराल तर लंडन आधी उरका. मग पुढचं सगळं सलग शेंगेनमध्ये, आणि परतीचं विमान स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एक छोटंसं गाव आहे. १४ जून १९८५ ला फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी तिथे मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. आज त्यात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, आणि आयर्लंडचं नेमकं उलट. त्यामुळे 'युरोपचा व्हिसा' हा शब्द डोक्यातून काढून टाका. गोंधळ त्या शब्दापासूनच सुरू होतो.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. ज्याची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याच्याकडे करू, असं तुम्ही लिहिलंय. तसं चालत नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. तुमच्या तक्त्यात फ्रान्स चार आणि स्वित्झर्लंड चार, म्हणजे बरोबरी. लंडनहून आधी पॅरिसला जाणार, तेव्हा अर्ज फ्रान्सकडे. दुसऱ्याच देशाचा व्हिसा काढून भलतीकडेच राहायचं, ही युक्ती बरेच जण सांगतात. सीमेवरच्या अधिकाऱ्याला ती पाठ असते.

आता दिवसांची मोजणी. इथे तुम्ही नक्की चुकणार, कारण तुम्ही हॉटेलच्या हिशेबाने रात्री मोजता. व्हिसा दिवस मोजतो, आणि पोहोचण्याचा दिवस व निघण्याचा दिवस हे दोन्ही धरून मोजतो. रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी सीमा ओलांडली तरी तो एक पूर्ण दिवस. तुमच्या शेंगेनमधल्या अकरा रात्री म्हणजे बारा दिवस. शिवाय व्हिसाच्या स्टिकरवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी एक मुदत असते आणि बाजूला राहण्याचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. पहिली मुदत साधारण पंधरा दिवस जास्तीची देतात, विमान पुढे-मागे झालं तर सोय म्हणून. ती पाहून 'अरे, आपल्याला महिनाभर दिलाय' असं वाटतं. तसं नसतं. त्या मुदतीच्या आत, फक्त तेवढेच दिवस. पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून तारखा, दिवस, प्रवेशाचा आकडा आणि नावाची अक्षरं वाचा. चूक दिसली तर तेव्हाच सांगता येते.

पूर्वी शिक्का पुसट उमटला तर अधिकारी पानं उलटत बसायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकात नोंद घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. तुमचा फोटो काढतील. आई, घाबरू नकोस, तो सगळ्यांचाच काढतात. दिवसांची बेरीज आता यंत्रच करतं, आणि एक दिवस जास्त झाला तरी त्याला दिसतो.

आई, आता तुझं. 'माझा पासपोर्ट नोव्हेंबरपर्यंत आहे की' असं तू म्हणालीस. परत येणार सप्टेंबरच्या मध्यावर. शेंगेनचा नियम असा की तिथून निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असला पाहिजे, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. तुझे दोनच महिने भरतात. इतर बरेच देश तर सहा महिने मागतात. तेव्हा बाकी सगळं थांबव आणि याच आठवड्यात नव्या पासपोर्टचा अर्ज कर. त्याच्याशिवाय पुढचं एकही पान हलणार नाही. जुना पासपोर्ट टाकून देऊ नकोस, त्यातले जुने व्हिसे दाखवायला उपयोगी पडतात.

मग क्रम असा लावा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसपर्यंत जातात. ब्रिटनचा अर्ज मात्र तीन महिने आधीच करता येतो, त्याच्या आधी घेत नाहीत. शेंगेनसाठी पासपोर्ट जमा करावा लागतो आणि एक पासपोर्ट दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून आधी शेंगेन, तो परत आला की ब्रिटन. दोन्हीकडे तुम्हाला स्वतः जावं लागेल, बोटांचे ठसे द्यायला. शेंगेनचे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, पुढच्या वेळी बहुधा द्यावे लागणार नाहीत.

कागदांबद्दल तीनच गोष्टी, पण तिन्ही महत्त्वाच्या. बाबा, खातं भरलेलं दिसावं म्हणून मुदत ठेव मोडून पैसे बचत खात्यात टाकायचा विचार सोडून द्या. तीन महिन्यांच्या उताऱ्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम उलट शंका निर्माण करते. ठेवीची पावतीच जोडा, तीही तुमचीच आहे. दुसरं, व्हिसा हातात येण्याआधी रद्द न होणारी तिकिटं काढू नका. त्यांना आरक्षण हवं असतं, पैसे भरलेलं तिकीट नाही. पण आरक्षण खरं हवं. खोटी हॉटेल बुकिंग करून देणारे लोक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिसरं, विमा. किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेनमध्ये आणि सगळ्या दिवसांना लागू होणारा. तो व्हिसासाठी पुरेसा असतो, पण तुमच्या रक्तदाबाला पुरेसा आहे का ते वेगळं पाहावं लागतं. आधीपासूनच्या आजारांबद्दल बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचून सांगेन, ते काम माझं.

बाकी अर्ज मात्र तुम्हीच भरा. तुम्हाला राग येईल हे माहीत आहे. 'हमखास व्हिसा' देणाऱ्या त्या एजंटकडे फाइल सोपवून मोकळं व्हायचा तुमचा बेत आहे. हमखास असं कुणीच देऊ शकत नाही. व्हिसा केंद्रातले लोकसुद्धा फक्त कागद घेतात, निर्णय दूतावासात होतो. नाकारला गेला तर ठरावीक छापील फॉर्मवर कारणावर खूण करून देतात आणि ती नोंद त्यांच्या यंत्रणेत पाच वर्षं राहते. पुढे ब्रिटनच्या अर्जात 'आधी कुठे व्हिसा नाकारला गेला का' असं विचारलं की खरं ते लिहावंच लागतं. आणि सीमेवर प्रश्न विचारतात ते तुम्हाला. तिथे एजंट नसतो, मीही नसते. व्हिसा मिळाला म्हणजे आत घेणं बंधनकारक झालं असं नाही. शेवटचा शब्द त्या काचेमागच्या माणसाचा. कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठे, खर्च कोण करणार, एवढंच तो विचारेल. ज्याने अर्ज स्वतः भरलाय त्याला याची उत्तरं आठवावी लागत नाहीत.

आई, 'कशासाठी आलात' याला 'फिरायला' एवढंच उत्तर आहे. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, मुलीने आग्रह केला, बाबा आधी नको म्हणत होते, हे सगळं खरं असलं तरी तिथे नको. आणि बाबा, एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, अंदाज सांगायचा नाही. कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. लंडनहून पॅरिसला रेल्वेने जाल तर फ्रान्सची तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर, गाडीत बसण्याआधीच होते. म्हणून तिथे वेळ हातात ठेवून जा. पुढे अॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंडकडे जाताना सहसा कुणी अडवत नाही, पण अधूनमधून तात्पुरती तपासणी लावतात. पासपोर्ट जवळच असू द्या.

येता-जाता विमान मध्ये कुठे थांबतं तेही मला कळवा. तीन वर्षांपूर्वी मी स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती, आठवतं? तुम्हाला मी 'विमान चुकलं' असं सांगितलं होतं. चुकलं नव्हतं. तिकिटं वेगळी असल्यामुळे मधल्या विमानतळावर बॅग बाहेर काढून पुन्हा जमा करायची होती, म्हणजे त्या देशाची सीमा ओलांडायची होती, आणि त्यासाठी व्हिसा लागत होता. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि बोर्डिंग पास दिलाच नाही. मी खूप वाद घातला. चूक माझी होती. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परतही आणावं लागतं, म्हणून पहिली चाळणी काउंटरवरच लागते. तेव्हा तिकीट एकच, सलग आणि बॅग शेवटपर्यंत जाणारी.

आई, फॅमिली ग्रुपवरची ती 'युरोपची ऑनलाइन परवानगी' वाली लिंक उघडू नकोस. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी अशा परवानग्या असतात, ब्रिटनची ईटीए तशीच. ज्याला व्हिसा लागतो त्याला त्या लागत नाहीत. पण उलटही लक्षात ठेव: कुठे व्हिसा माफ असला किंवा हातात असला म्हणजे आणखी काहीच करायचं नसतं असं नाही. थायलंडने १ मे २०२५ पासून येण्याआधी ऑनलाइन कार्ड भरणं सक्तीचं केलंय, सिंगापूरचंही असंच कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरतात. दोन्ही फुकट आहेत, आणि दोन्हींसाठी पैसे उकळणाऱ्या साइट्स आहेत. कुठलीही परवानगी असो, त्या देशाच्या सरकारच्या पानावरूनच.

बाबा, आता नवा तक्ता आखा. सुरुवातीला लंडन, शेवटी झुरिक. स्वित्झर्लंडची एक रात्र वाढवायची आईची इच्छा आहे, तिने मला वेगळं सांगितलंय. वाढवलीत तर तिथले दिवस जास्त होतील आणि अर्ज फ्रान्सकडे नाही, स्वित्झर्लंडकडे करावा लागेल. तेवढं दोघांनी बसून ठरवा आणि रविवारच्या आत कळवा.

तुमची,
धाकटी

ता. क. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी, आणि निदान चार दिवसांच्या हातातल्या पिशवीत. आई, डबीत एकत्र करून ठेवायच्या नाहीत. तू ठेवतेस.