कडुनिंबाचा नेमका कुठला भाग?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य पुरवणीतला ‘कडुनिंबाचा प्रत्येक भाग अँटिऑक्सिडंट’ हा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. (अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकल नावाच्या अस्थिर रेणूंना निकामी करणारं द्रव्य.) मी बरीच वर्षं लॅबमध्ये वनस्पतींचे अर्क काढलेत, त्यामुळे जरा खटकतंच.

प्रत्येक भाग म्हणजे काय हो? पान, साल, निंबोळी सगळं एकाच पोत्यात भरून कसं चालेल? पानात क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड्स, सालीत टॅनिन, गॅलिक ॲसिड, कॅटेचिन वगैरे फिनॉलिक मंडळी, आणि बीमधला मुख्य माल तिसराच, तिथे लिमोनॉइड्स नावाची कडू द्रव्यं, म्हणजे ते ॲझाडिरॅक्टिन ज्याने किडींची वाढ खुंटते. रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमां सिद्दीकींनी १९४२ साली निंबिन हे कडू द्रव्य वेगळं काढलं तेही निंबोळीच्या तेलातूनच. झाड एक असलं तरी प्रत्येक भागाचं रसायन निराळं.

आता लेखातल्या त्या तक्त्याबद्दल, ज्यात अर्कांना अँटिऑक्सिडंट ताकदीनुसार नंबर दिलेत. ही ताकद मोजायच्या डीपीपीएच टेस्टमध्ये जांभळं द्रावण घेतात, अर्क टाकला की ते पिवळं पडत जातं, किती पडलं ते ५१७ नॅनोमीटरला मोजायचं आणि त्यावरून आयसी-५० काढायचं, म्हणजे निम्मे फ्री रॅडिकल संपवायला किती अर्क लागला ते. मग आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार ना! तुमच्याकडे चक्क सगळ्यात मोठ्या आकड्याला पहिला नंबर दिलाय. (आमच्याकडे नवीन आलेली पोरंपण पहिल्या आठवड्यात हेच करायची, त्यामुळे राग नाही, हसू आलं.) शिवाय अर्क पाण्यात काढला की मेथॅनॉलमध्ये, पानं कोवळी होती की जून, सावलीत वाळवली की उन्हात, याने आकडे पार बदलतात आणि त्यातलं काहीच छापलेलं नाही. एकूण फिनॉल मोजायच्या फोलिन टेस्टचंही तसंच, निळा रंग आला म्हणजे सगळं फिनॉलच असं नाही, व्हिटॅमिन सी पण तोच रंग देतं.

आणि परीक्षानळीतलं पोटात होईलच असं कुठे आहे? पचन, शोषण, लिव्हरमधली मोडतोड, या सगळ्यातून मूळ रेणू किती उरतो हा वेगळाच विषय. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या ओरॅक आकड्यांची यादी २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढूनच टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वाटेल तसे वापरायला लागल्या होत्या.

हे सगळं एकवेळ सोडा, पण शेवटच्या परिच्छेदात लहान मुलांना निंबोळी तेलाचे थेंब पोटात द्यायला सांगितलंय ते सोडता येत नाही. तेल प्यायल्याने तान्ह्या मुलांना उलट्या, झटके, बेशुद्धी, लिव्हरला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत आणि काही मुलं दगावलीही आहेत. तक्ता सावकाश दुरुस्त करा, पण ही तेलाची दुरुस्ती उद्याच्याच अंकात छापा, आणि पुरवणीत नको, पहिल्या पानावर.

आपला,
एक जुना वाचक