प्लेटांखाली पीक घ्यायचे तर आधी सांगाडा बघा

संपादक महोदय,

शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये वार्षिक भाडे आणि त्यावर दरसाल ३ टक्के वाढ आहे. त्यामुळे वावर द्यायला लोक तयार होतात. वरून ‘सौर प्लेटांखाली पीकही घ्या’ असे सांगितले जाते. प्लेटा पेलणाऱ्या नेहमीच्या लोखंडी सांगाड्याखाली ते होत नाही. त्याची खालची कड जमिनीपासून अर्धा ते एक मीटरवर असते. तिथे गवत तेवढे वाढते आणि तेही कापत बसावे लागते. ट्रॅक्टर फिरायचा तर खालच्या कडेशी मोकळी ३ मीटर उंची आणि दोन रांगांत किमान ६ मीटर अंतर हवे. त्याने लोखंड वाढते, वाऱ्याचा ताण वाढतो, खर्चही वाढतो. म्हणून भाडेपट्ट्यात उंचीचा आकडा नसेल, तर उभा राहणार तो स्वस्तातलाच सांगाडा.

पायाचे दुखणे याहून मोठे. काळी माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगाळते. दीड मीटर ठोकलेला खांब ती दर वर्षी थोडा थोडा वर ढकलते. एक खांब उचलला आणि शेजारचा जागीच राहिला, की सांगाडा पिळवटतो आणि काच तडकते. खोल काळ्या जमिनीत साडेतीन मीटरपर्यंत नेलेला, तळाशी फुगीर केलेला काँक्रीटचा पाइलच (जमिनीत ओतलेला खांब) घ्यावा. ठिबकची नळी खांबाला खेटून नको. एकाच बाजूने ओल मिळाली तर माती त्याच बाजूने फुगते.

पिकांचे म्हणाल, तर कपाशी सावलीत नुसती पाल्याने माजते, पाते (फुलांच्या कळ्या) गळतात. गोड पाणी असेल तिथे हळद, आले चालते. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, ते जमत नाही. तिथे रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यात खरिपात मूग, रब्बीत हरभरा. फक्त सावली मोजून पेरा: डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे प्लेटेच्या साडेचार मीटर उंच वरल्या कडेची सावली उत्तरेला साडेचार मीटर पडते. (प्लान्टच्या कुंपणाने रोही (नीलगाय) आणि रानडुकरे अडतात, हा फायदा कोणी सांगत नाही.)

खालच्या कडेला पन्हळ बसवलीच पाहिजे. नाही तर पावसाची धार एकाच रेषेत पडून नाली पाडते आणि तिथले पीक झोपवते. १ मेगावॉटला ५४५ वॉटच्या साधारण १,८३५ प्लेटा लागतात, म्हणजे ४,७०० चौरस मीटर काच. ५० मिलिमीटरच्या एका पावसात तीवरून २ लाख ३५ हजार लिटर पाणी उतरते. निम्मेच हाती लागले तरी पुष्कळ. खारपाणपट्ट्यात याचे मोल जास्त, कारण बोअरच्या पाण्याने प्लेटा धुतल्या तर वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि धुण्याचा उद्देशच संपतो. प्लेटेला २ लिटर धरले तर एका धुण्याला ३,७०० लिटर लागतात. तेवढे पावसाचे पाणी झाकलेल्या टाकीत वेगळे ठेवावे, बाकीचे शेततळ्यात सोडावे. धुणे पहाटे, दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी मारू नये. पिकावर गंधकाची फवारणी झाली, की धुण्याच्या पाळीची वाट न पाहता काच धुवावी.

मोकळी उंची, पायाची खोली आणि पन्हळ, या तिन्हींसाठी शासनाने भाडेपट्ट्याच्या नमुन्यात रकाने ठेवावेत.

— दोन वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला