पाणीखात्याच्या ताई-दादांना मनापासून थँक्यू

नमस्कार,

तुमच्या जनजागृती टीममधल्या सगळ्यांना हे पत्र. शाळेत पाण्याचा कार्यक्रम म्हटल्यावर घोषणा, चित्रकला स्पर्धा आणि "पाणी वाचवा"चं एक भाषण असणार असंच सगळ्यांना वाटलं होतं, पण तुम्ही आलात ते गढूळ पाण्याचे जार घेऊन, आणि तिथेच पोरं जिंकलीत!

प्रत्येक जारमध्ये तुरटी कमी-जास्त टाकली, आधी जोरात ढवळलं, मग अगदी हळू, आणि बघता बघता पाण्यात कापसासारखे पुंजके तयार व्हायला लागले. तुरटी कमी पडली त्या जारमधलं पाणी तसंच गढूळ राहिलं. बारीक मातीचे कण एकमेकांना दूर ढकलतात म्हणून नुसतं पाणी ठेवून ते खाली बसत नाहीत, तुरटीमुळे ते एकत्र येतात, जड होतात आणि तळाला जातात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मागे उभे असलेले पालकसुद्धा पुढे सरकले. किती तुरटी टाकायची हे प्लांटवर अशीच टेस्ट करून ठरवतात आणि पावसाळ्यात पाणी बदललं की पुन्हा ठरवावं लागतं, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं?

क्लोरीनचं तर फारच छान समजावलंत. नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकली, पाणी गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी नळापर्यंत पोचतानाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन राहायला हवं, कारण पाईपातून येताना काही जंतू शिरले तर त्यांचा बंदोबस्त तोच करतो. एका आजींनी वासाची तक्रार केली तर तुम्ही घाई न करता त्यांच्याशेजारी बसून बोललात, की पाणी थोडा वेळ उघडं ठेवलं की वास कमी होतो. आजींचं पूर्ण ऐकून घेतलंत हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

आणि हो, मीटरची ट्रिक! सगळे नळ बंद करायचे आणि काटा फिरतोय का बघायचं. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकायचा, न फ्लश करता भांड्यात रंग उतरला की गळती नक्की. पोरं आता शेजारपाजारी जाऊन हीच तपासणी करतायत.

लोकांना समजेल असं सांगितलं की लोक ऐकतात आणि नुसता धाक दाखवला की विसरतात, असं मला ठामपणे वाटतं, आणि तुम्ही आम्हाला समजेल असंच सांगितलंत, त्यासाठी खरंच खूप खूप आभार.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी संध्याकाळी या ना, म्हणजे कामावर जाणाऱ्यांनाही येता येईल. आणि सांडपाण्याचं पुढे काय होतं तेही दाखवा, पोरांनी प्रश्न आत्तापासूनच काढून ठेवलेत.

तुमची,
एक पालक