घटसर्पाच्या (डिप्थेरियाच्या) विषाची झटपट चाचणी राज्यात तयार करावी : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी कळव्यात राहणारा निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नोकरीत असताना दिघ्यातील एका सहा वर्षांच्या मुलाच्या घशाचा स्वॅब शुक्रवारी संध्याकाळी माझ्या हाती आला. घशात राखाडी पापुद्रा होता, मान सुजली होती. आधी जंतू वाढवून आणि मग त्यांची एलेक चाचणी (जंतू विष बनवतात का हे पाहणारी) करून ते विष तयार करतात असे मी लेखी कळवले, तोवर सोमवार उलटून गेला होता. डॉक्टर माझ्या अहवालासाठी थांबले नाहीत, म्हणूनच ते मूल वाचले.

घटसर्पाचे विष एकदा हृदयाच्या किंवा मज्जातंतूंच्या पेशींत शिरले की प्रतिविषाचा इलाज चालत नाही, कारण ते केवळ बाहेर फिरणाऱ्या विषालाच निकामी करते. त्यामुळे ते निव्वळ संशयावरून द्यावे लागते. पण घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या या औषधाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि त्याचा साठाही तुटपुंजा असतो. पीसीआर काही तासांत विषाचे जनुक दाखवते खरे, मात्र जनुक असूनही विष न बनवणारे जंतू आढळतात. अखेर निवाडा करते ती १९४९ सालची एलेक चाचणी, आणि ती हातखंडा असलेल्या तंत्रज्ञाविना बिघडते. (माझीही दोनदा बिघडली होती.)

करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या पट्टीच्याच तत्त्वावर, प्रतिपिंडांच्या साहाय्याने, हे विष काही मिनिटांत ओळखता येते. थेट स्वॅबमध्ये विष फार थोडे असल्याने सुरुवातीला ही पट्टी वाढवलेल्या जंतूंवरच वापरावी लागेल, हे मान्य आहे. तरीही एलेकचा एक दिवस वाचेल.

परळची हाफकिन संस्था आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येते. तिला या पट्टीसाठी स्वतंत्र निधी द्यावा, ठाणे आणि नवी मुंबईतील पालिका रुग्णालयांतून येणारे जंतूंचे नमुने तिच्याकडे जपून ठेवण्याची सोय करावी आणि प्रत्येक पट्टीचा निकाल किमान दोन वर्षे एलेक चाचणीशी ताडून पाहावा. घटसर्पाच्या लसीचा बूस्टर चुकलेली मुले शोधण्याचे काम सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे, याची मला कल्पना आहे. परंतु त्या कारणाने हे पत्र दोन खात्यांमध्ये फिरत राहू नये, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
कळवा, ठाणे