सौभाग्य फक्त नवऱ्यामुळे?

महोदय,
‘सौभाग्य’ म्हणजे मुळात चांगले भाग्य. पण लग्नपत्रिकेत ‘सौ.’ टिकते ते नवरा हयात असेपर्यंतच. तो गेला की त्याच बाईच्या नावाआधी ‘गं. भा.’ छापतात. पुरुषाची बायको गेली तरी त्याचे ‘श्री.’, म्हणजे साक्षात लक्ष्मीचे नाव, तसेच राहते! आमच्या हर्णै बंदरात लिलावाची मासळी विकून एकटीने मुले शिकवणाऱ्या बाईला अभागी कोण म्हणेल? हेरवाड (जि. कोल्हापूर) ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचे परिपत्रकही निघाले. पत्रिका मात्र तशाच. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल. तेव्हा यजमानांनी आणि छापखान्यांनी सरसकट ‘श्रीमती’ छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दापोली