शाळांच्या आधीही नाटक होतं

संपादक महोदय,

तुमच्या रविवार पुरवणीतला आफ्रिकन रंगभूमीवरचा लेख वाचला, छान आहे, पण 'तिथे नाटक आलं ते इंग्रजी शाळांमधून' हे वाक्य काही पटलं नाही. नायजेरियाचंच बघा ना. योरुबा लोकांत अलारिंजो नावाच्या मुखवटेवाल्या फिरत्या मंडळ्या होत्या, पूर्वजांच्या एगुनगुन विधीतून निघालेल्या, ढोल-नाच-नकला घेऊन गावोगाव फिरायच्या. 1826 मध्ये क्लॅपर्टन हा स्कॉटिश प्रवासी ओयो या योरुबा राज्याच्या राजाकडे पोचला तेव्हा त्याच्यासमोर असा खेळ झाला, त्यात पोत्यात शिरून उड्या मारणारे होते, भला मोठा अजगर होता आणि शेवटी चक्क गोऱ्या माणसाची नक्कल! म्हणजे पाहुण्यासमोरच पाहुण्याची टिंगल. मिशनऱ्यांच्या शाळा तिथे नंतर आल्या.

चर्चचा हात अजिबात नव्हता असं नाही, नायजेरियाचे नाटककार ह्युबर्ट ओगुंडे सुरुवातीला चर्चसाठीच संगीत नाटकं करायचे. पण 1940 च्या दशकात त्यांनी पोलिसातली नोकरी सोडून स्वतःची व्यावसायिक फिरती कंपनी काढली, जुन्या मंडळ्यांसारखीच गावोगाव नेली, आणि 1964 च्या 'योरुबा रोनू' नाटकाने तर पश्चिम नायजेरियातलं सरकार इतकं चिडलं की कंपनीवर बंदीच आली. लेखात नायजेरियाचेच नाटककार वोले सोयिंका यांच्यावर दोन कॉलम आहेत (1986 चं साहित्याचं नोबेल, ते असायलाच हवेत), ओगुंडेंचं मात्र साधं नावही नाही. पुढच्या भागात तेवढी जागा त्यांना द्या.

एक नियमित वाचक, पुणे